न बसणारे अकरा आकडे

दवाखान्यात नोंदी ठेवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण 'डेटा' हा शब्द आला आणि मला शिंगं फुटली. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिला दिवस मी माउस शोधण्यात घालवला, दुसरा तो धरण्यात. तिसऱ्या दिवशी मात्र शेजारच्यांना शिकवत सुटलो.

मग डॉक्टर मॅडमनी काम दिलं. पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीतल्या लहान मुलांची वजनं नोंदवहीतून कॉम्प्युटरवर घ्यायची आणि चुका काढून, साफ करून द्यायची. मुलं खरंच अशक्त निघाली, तर तिथे कायमची नर्स मिळणार होती. नाहीतर नाही.

मी असा भिडलो की जेवायचीही शुद्ध राहिली नाही. नावं वाचायची नाहीत, फक्त क्रमांक घ्यायचे, हा नियम तर डोळे मिटून पाळला. दोनदा आलेल्या नोंदी उडवल्या. एका बाळाचं वजन बहात्तर किलो होतं. तिथे दशांशचिन्ह घातलं आणि स्वतःच्याच हुशारीवर फिदा झालो. शेवटी खटकत राहिले अकरा आकडे, फारच कमी वजनांचे. 'न बसणारे आकडे काढा,' असं प्रशिक्षणातल्या सरांनी सांगितलं होतं. 'पण आधी तपासून,' असंही म्हणाले होते म्हणे. तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो. उडवले अकराही! तक्ता कसा देखणा झाला. सगळी मुलं ठणठणीत.

वजनं घेणाऱ्या सिस्टरनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काका, ती अकरा कुठे गेली?"

"चुकीची होती हो."

"अहो, काटा मी रोज तपासते! चुकीचं कोण, मुलं?"

त्यांनी नोंदवही उघडली आणि एकेका क्रमांकासमोरचं नाव वाचू लागल्या. सातव्या नावाला मी नोंदवही माझ्याकडे ओढली. माझी लेक त्याच वस्तीत राहते. ते नाव तिच्या मुलीचं होतं.

शहाणपणा कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली. अकराही नोंदी जशाच्या तशा परत घातल्या आणि मॅडमच्या टेबलासमोर जाऊन, काय दिवे लावले होते ते सांगितलं. अहवाल जायला तासभरच उरला होता.

मॅडमनी तक्ता दोनदा पाहिला. "एवढी कमी वजनं? वरचे विचारतील, काका. खरी कशावरून?"

"सातवी माझी नात आहे," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी कडेवर घेतो मी तिला."