धर्माजीच्या हातातली दांडी

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात विनेशनं भावासाठी व्हिडिओ गेमचं पॅनेल बनवायला घेतलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला हसून घेतलं. थोरला भाऊ धर्माजी होडीचा तांडेल, सुकाणू त्याच्याच हातात असायचं. माघात त्याला लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हाताला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रबरी चेंडू दिला, तर त्यानं तो कुत्र्याकडे फेकला. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाणार, त्याआधी हात सुकाणूवर आला पाहिजे, एवढंच तो बोलायचा.

विनेशनं प्लायवूडचा खोका केला, वर एक जॉयस्टिक, शेजारी बटण. खेळ सोपा घेतला, समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायचा. अट एकच, दांडी आणि बटण दोन्ही उजव्या हातानं.

पहिली जॉयस्टिक कडक स्प्रिंगची निघाली, हलेचना. दुसरी इतकी सैल की हात टेकला तरी गाडी कडेला. तिसरी खाऱ्या हवेनं आठवड्यात करकरू लागली. बटणांचं तेच. कडक बटण दबत नव्हतं, हलकं नको तेव्हा दबायचं. मागवायचं, बसवायचं, उखडायचं. विनेशची बोटं सोल्डरनं भाजली. वाड्यात बायका विचारायच्या, तांडेलाला आता खेळण्यावर बसवलास का रे?

चौथी जॉयस्टिक छान होती. हातही हलला. पण समोर डाव्या बाजूला ट्रक आला की धर्माजी दांडी डावीकडेच ढकलायचा आणि गाडी ट्रकवर आदळायची. दर वेळी. विनेशनं तारा तपासल्या, स्विच बदलले, शेवटी पक्कड आपटली. डोक्यावरही परिणाम झालाय की काय, ही भीती त्यानं कोणाला सांगितली नाही. धर्माजीनं तोंड फिरवलं होतं.

कोकिळा, धर्माजीची बायको, दारात बोंबील साफ करत सगळं बघत होती.

"भावोजी, त्याचा काय चुकलाय? होडी उजवीकडं न्यायची तर सुकाणूची दांडी कुठं लोटतात?"

विनेशनं हवेतच दांडी लोटून पाहिली. डावीकडे. तोही लहानपणापासून तेच करत आला होता. पण अलिबागला शिकताना गेमच्या दुकानात त्याच्या हातानं दुसरं वळण घेतलं होतं, जिकडं जायचं तिकडंच दांडी. धर्माजीच्या हातानं घेतलं नव्हतं. हात सगळं विसरला, तेवढं विसरला नव्हता.

विनेशनं डाव्या-उजव्या तारा उलट जोडल्या. धर्माजीनं दांडी धरली. एक ट्रक चुकवला, मग दुसरा, मग बस. कोकिळेच्या हातातला सुरा थांबला. बऱ्याच वेळानं गाडी धडकली आणि पडदा थांबला. पुन्हा सुरू करायला बटण दाबायचं होतं.

धर्माजीनं हात उचलून बटणावर आणला. बोट टेकलं. बटण दबलं नाही. त्यानं खांदा पुढे लोटला, पूर्ण वजन दिलं. बोटच वाकलं, बटण नाही दबलं.

विनेशचा हात आपोआप पुढे झाला.

"हात लावू नको," धर्माजी म्हणाला. मग बोटाकडे बघत, जरा खालच्या आवाजात, "होडीवर दोरी पन बोटांनीच धरायची हाय."

विनेशनं हात मागे घेतला. याहून हलकं बटण होतं, पण ते नको तेव्हा दबायचं. बाहेर पावसाळ्यासाठी शाकारलेल्या होड्यांवरची नारळाची झापं वाऱ्यानं फडफडत होती. पडद्यावरची गाडी जागेवरच उभी होती.