होडीला हात न लावता

आदल्या वर्षी लाउडस्पीकरवरून माझा नंबर पुकारला गेला होता. "सतरा नंबर, होडीला हात लावल्यामुळे बाद!" अर्नाळ्याच्या अख्ख्या किनाऱ्याने ते ऐकलं. त्यात आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमधली तीन कुटुंबं होती. माझं कौतुक बघायला म्हणून ती पुरीभाजीचे डबे घेऊन आली होती. डबे त्यांनी खाल्ले, कौतुक राहिलं.

मग वर्षभर जिन्यात, गच्चीवर, टँकर आला की बादल्यांच्या रांगेत, तोच विषय. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या, "यंदा सरळ होडीतच बसा हो, केस तरी कोरडे राहतील." घरचे तर त्याहून वाईट. नवरा इतका समजूतदारपणे वागायचा की मला चीड यायची. "भाग तर घेतलास ना? बस झालं," असं तो म्हणाला की वाटायचं, ह्यापेक्षा चार शब्द टोचून बोलला असता तर बरं झालं असतं. मला बस झालेलं नव्हतं. त्या वर्षी मी अडतिशीत होते, वालीवच्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर पत्रं टाइप करत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. राजोडीहून अर्नाळ्यापर्यंत पोहत जायचं, होडीला हात न लावता.

पोहायला मी साताऱ्याकडे विहिरीत शिकले, पाठीला भोपळा बांधून. लग्नानंतर वीस-बावीसाव्या वर्षी सुटलेलं पोहणं तरणतलावात बायकांच्या बॅचला पुन्हा धरलं. तिथे तळाशी काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवून माणूस कुठेही जाऊ शकतो. आमच्या समुद्रात रेघ नाही. आमचा समुद्र निळासुद्धा नाही. वैतरणेच्या गाळाने तो दुधाळ चहासारखा असतो. आदल्या वर्षी मी त्यात तोंड घातलं आणि माझा स्वतःचा हात मला कोपरापुढे दिसेना. विहिरीतही खाली काळोखच असतो, पण विहिरीला चार हातांवर काठ असतो. विसाव्या मिनिटाला माझ्या हाताने मला न विचारता होडीची कड पकडली.

ती होडी ज्यांची होती ते काका अर्नाळ्याचे. साठीचे असतील, डोक्याला पंचा, पायांच्या नुसत्या काड्या. दहाव्या वर्षापासून मासेमारीला जात होते. माझा हात कडेवर आला तेव्हा त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस वर. चाय हाय." म्हणून ह्या वर्षी मी मुद्दाम त्यांचीच होडी मागून घेतली. ज्याने एकदा आपली फजिती पाहिली आहे, त्याच्यासमोर नव्याने लाजायचं काम उरत नाही.

स्पर्धा सातला सुरू व्हायची होती. पुरुष कळंबहून सुटणार आणि आम्ही अकरा बायका राजोडीहून. प्रत्येकीबरोबर एक होडी. नंबरांची यादी पुरुष-बायकांची एकच, माझा ह्याही वर्षी सतरा. नियम दोनच, होडीला हात लागला की बाद, तळाला पाय टेकले की बाद. सातला आम्ही दंडांवर नंबर रंगवून, अंगाला तेल चोपडून उभ्या होतो. मांडव होता, खुर्च्या होत्या, हार होते. प्रमुख पाहुणे नव्हते.

साडेसात झाले, आठ झाले. जानेवारीचा वारा तेलकट अंगाला झोंबत होता. काका होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, बसून बोटांची पेरं मोजत होते. मला म्हणाले, "बाय, आज बारस हाय. बारा पाऊन किती?"

"नऊ," मी म्हणाले. आमच्या शाळेत पाऊणकी घोकून घ्यायचे. ती आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

"नवाला पानी पुरा भरल. मंग थांबल. मंग फिरल." त्यांनी हात अर्नाळ्याकडून राजोडीकडे असा उलटा फिरवला. "उधान जवल हाय. फिरला का जोरात फिरल."

एवढं सोपं होतं. बारस म्हणजे द्वादशी, त्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची की भरतीची वेळ हाती येते. कोळ्यांच्या पोरासोरांना ठाऊक असलेला हा हिशोब करूनच कोणीतरी सातची वेळ ठरवली असणार, म्हणजे भरती आम्हाला अर्नाळ्याकडे ढकलत नेईल. आणि तोच हिशोब आता मांडवात कोणाला आठवत नव्हता. मी तावातावाने शिट्टीवाल्या सरांकडे गेले. ते एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि स्पर्धेची यादी त्यांच्या हातात होती.

"सर, पाणी फिरायला आलंय."

"मॅडम, पाहुणे निघालेत. रस्त्यातच आहेत."

"मग समुद्रालाही शाल-श्रीफळ द्या आणि खुर्चीवर बसवून ठेवा!"

सर हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

पाहुणे साडेआठला आले. बूट घालून वाळूतून चालत आले, धाडसाचं महत्त्व ह्या विषयावर बोलले, मग दुसरे कोणी त्यांच्याबद्दल बोलले. नारळ फुटला तेव्हा नवाला दहा कमी होते. आम्ही पाण्यात शिरलो.

पहिला अर्धा तास मी चांगली पोहले, हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कोणी सांगणार नाही. किनारा उजव्या हाताला. श्वास घ्यायला उजवीकडे मान वळवली की सुरूची झाडं दिसायची, तेवढ्यावर मी जीव टांगून होते. पाण्यात तोंड घालताना डोळे गच्च मिटायचे, असं मी ठरवलं होतं. जे दिसणारच नाही ते बघायला जायचं कशाला? डावीकडून काकांच्या वल्ह्याचा आवाज येत होता. त्या आवाजाइतकं आधाराचं मला तेव्हा जगात काही नव्हतं.

मग किनाऱ्यावर एक गुलाबी बंगला आला. सुट्टीला येणाऱ्या कोणाचा तरी असेल, वर काळी टाकी. मी वीस हात मारले, मान वळवली, बंगला तिथेच. आणखी वीस मारले, बंगला तिथेच. मला वाटलं, मीच थकले. जोर लावला. पन्नास हात मोजून मारले आणि मान वळवली तर बंगला पुढे गेलेला! मी अर्नाळ्याकडे पोहत होते आणि बंगला माझ्याआधी अर्नाळ्याला निघाला होता.

मी थांबले, तरंगत राहिले. तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. पाणी वर शांत होतं, लाटसुद्धा धड नव्हती, पण माझ्या पोटाखालून, पायांखालून, दिसेल तिथपर्यंत सगळाच्या सगळा समुद्र निघाला होता. आवाज नाही, घाई नाही. खाडीतलं, अर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतालचं, किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी एका वेळी माघारी चाललं होतं आणि मी त्यात होते. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी होतं. माझ्या अंगावर काटा आला, पाण्याच्या आतसुद्धा. मी आयुष्यात एवढं मोठं काही हलताना पाहिलं नव्हतं, आणि त्याला माझ्याशी काहीही घेणंदेणं नव्हतं. आदल्या वर्षी मी समजत होते की समुद्र माझ्यावर चालून आलाय. आज पाहिलं तर तो आपल्या कामाला चालला होता. मला उलट बरं वाटलं.

पुढे एकेक बाई होडीत चढत होती. नऊ नंबर चढली, चार नंबर चढली. दोघी तर एकाच होडीत बसून चक्क बिस्किटं खात होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. आता कोणी कोणाला हसणार नव्हतं, ओहोटीला कोण हसतं? होडीची कड माझ्यापासून हातभर अंतरावर होती. हात लावला असता तर तळमजल्यावरच्या वहिनीसुद्धा काही बोलल्या नसत्या.

काकांनी वल्हं थांबवलं. "बाय, वर येतंस?"

"नाही."

त्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं. "मंग आत जा. अगदी काठाला, लाट फुटते तिथं. तिथं पानी मऊ हाय, ओढ नाय. पन होडी नाय येनार. आपटल."

"म्हणजे मी एकटी?"

"हां."

बारा महिने मी होडीला हात लावायचा नाही असं घोकत होते. होडी जवळ नसेल हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. काकांच्या तोंडाकडे बघितलं, तर ते मला पाठवतही नव्हते, अडवतही नव्हते. मी मनाशी म्हटलं, काही झालंच तर हे उडी मारतील, पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस आहे. आणि मी उजवीकडे वळले.

काठाजवळ जग वेगळं होतं. लाट मागून यायची, उचलायची, डोक्यावर फुटायची. नाकात वाळू, दातांत वाळू. पण काका म्हणाले होते ते खरं होतं, ओढ नव्हती. बाहेर तो अख्खा समुद्र दक्षिणेला चाललेला आणि इथे काठाशी घरातल्या पॅसेजएवढी एक वाट त्याने मोकळी ठेवलेली. मी वीस हात मारून मान वळवली, गुलाबी बंगला ढिम्म. आणखी वीस, आणि बंगल्याचं फाटक मागे सरकलं. मला पाण्यातच हसू आलं आणि मी घोटभर समुद्र प्याले.

तिथे दुसरी परीक्षा होती. पाणी गळ्याएवढंच. एकदा माझा अंगठा वाळूला लागला. खाली जमीन होती, चक्क उभी राहू शकले असते, बघायला कोणी नव्हतं. काकांची होडी दूर, लाटांपलीकडे, वरखाली होत होती. मी पाय पोटाशी ओढून घेतले. अंगठा लागला तो धरायचा की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यानंतर मी डोळे उघडे ठेवून पोहले. खाली काही दिसत नव्हतं, नुसता चहाचा रंग आणि त्यातून जाणारं ऊन. मी ते बघत बघत गेले. किती वेळ गेला ह्याचं भान राहिलं नाही.

अर्नाळ्याला पोचले तेव्हा शेवटचा झेंडा कोरड्या वाळूत, पाण्यापासून लांब उभा होता. छाती वाळूला घासली तेव्हाच मी पाय टेकले. इथल्या मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. पाहुणे पुरुषांना बक्षिसं देऊन गेले होते. राजोडीहून गाडीने आलेले शिट्टीवाले सर यादी घडी घालून खिशात ठेवत होते.

"सतरा नंबर," मी म्हणाले. "पूर्ण."

"मॅडम, बायकांची रेस कधीच संपली. सगळ्या बाद. तुम्हालापण बाद लिहिलंय."

"मी होडीला हात लावलेला नाही!"

एवढ्यात काका होडी ओढून वर आले. सरांनी त्यांना विचारलं, "काय हो, ह्या सगळा वेळ तुमच्यासोबत होत्या?"

"नाय. ती आत होती, मी भाईर."

"मग बघितलं कोणी?" सर माझ्याकडे वळले. "आणि बुडला असतात म्हणजे? जबाबदारी कोणाची?"

"हे होते ना! ह्यांनी उडी मारली असती."

काका पंचा पिळत होते. "मी कुठं उडी मारनार? मना पवता नाय येत."

मी त्यांना विचारलं, "काका, जन्म समुद्रावर गेला आणि पोहता येत नाही?"

"बापूस शिकवाला नाय दिला. पवता आला का मानूस होडी सोडते, म्हने. आमचा नियम एकच, कायबी झाला तरी होडी सोडाची नाय." त्यांनी पंचा झटकला. "तू सोडलीस."

सर कंटाळून टेम्पोकडे गेले. यादी त्यांच्या खिशातच राहिली. मी त्यांच्या मागे भांडायला जाणार होते, वाक्यंही तयार होती. पण काका माझ्यासमोर वाळूत उकिडवे बसले, अगदी जवळ, आणि हळूच, कोणी ऐकू नये असं म्हणाले, "बाय, आत कसा हाय?"

"मोठं आहे काका. फार मोठं आहे."

"ता मना वरून बी दिसते," ते म्हणाले. "आतून कसा हाय, ता सांग."

मी तिथेच ओल्या वाळूत बसले आणि त्यांना सांगायला लागले.