सोळा की सहा

अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं. एवढी तर ती जीपही कधी तापली नाही.

जीप माझी. जुनी, पेट्रोलची. गगनबावड्याकडच्या वस्त्यांवरनं दूध गोळा करून आणायचं काम मी हिच्यावर केलं, आणि स्टिअरिंग कायम माझ्याच हातात. आता दुधाचं काम थांबलं, जीप दारात उभी, आणि ती माझ्या मुलाच्या डोळ्यात खुपते. तो कागलला एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याचं एकच पालुपद, हे इंजिन काढ, डिझेलचं टाकू, उद्यमनगरातल्या मिस्त्रीशी बोलून ठेवलंय. मी म्हटलं, कार्बोरेटर काढून कॉम्प्युटर बसवून घेते, पण इंजिन हेच राहणार. लई वाद झाला. शेवटी त्यानं अट घातली. जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेआधी जीप माणसं भरून डोंगर चढली आणि इंजिन खटखटलं नाही, तर राहू दे. नाहीतर उतरवायचं.

दसऱ्याच्या आधी जीप कॉम्प्युटर बसवायला एका ट्यूनिंगवाल्याच्या गॅरेजात गेली. तिशीतला गडी, बोलायला गोड. दसरा झाल्यावर त्यानं ती चालू करून दिली, वर लॅपटॉपला जोडायची वायरही दिली. म्हणाला, "मावशी, बघा, पण हात लावू नका." बघून हात लावायचा नाही तर बघायचं कशाला, सांगा.

लॅपटॉप जोडला की दोन तक्ते दिसतात. एक पेट्रोलचा, एक ठिणगीचा. आडवे इंजिनाचे फेरे, उभा इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. पेट्रोलचा आकडा सांगतो किती पेट्रोल सोडायचं. ठिणगीचा सांगतो, पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची. फार लवकर पडली तर इंजिन खटखटतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. फार उशिरा पडली तर गाडीत जीव राहत नाही आणि सायलेन्सर लाल होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, परत मागं घ्यायचा. इंग्रजी अर्धं कळायचं, आकडे सगळे कळायचे.

पेट्रोलचा तक्ता आधी धरला. सायलेन्सरला बसवलेला मीटर सांगायचा, पेट्रोल जास्त होतंय की कमी. फिरून यायचं, लॅपटॉपनं काय टिपलंय ते बघायचं, एकेक चौकट थोडी वाढवायची, थोडी उतरवायची. शेताच्या वाफ्यांना पाणी द्यावं तसं. कुठं साचू द्यायचं नाही, कुठं सुकू द्यायचं नाही. थंडी संपेपर्यंत जीप सकाळी एका चावीत सुरू व्हायला लागली.

मग ठिणगी. चढाला लागलं की खटखट. त्या चौकटीत सोळा होते. चौदा केले, खटखट. बारा, खटखट. उतरवत उतरवत सहावर आणले तेव्हा आवाज थांबला. आणि ओढ अशी, की मी एकटीच जीपमध्ये हसले.

ट्यूनिंगवाल्याला दाखवलं तर तोही हसला. पण ते हसणं वेगळं.

"सहा? मावशी, ह्या इंजिनाला चढाला सोळा लागतंय. सहावर हातगाडी बी वढायची न्हाय."

मला न विचारता त्यानं परत सोळा भरले, चढावर नेली, आणि ती खटखटली. लगेच निकाल दिला, पिस्टनवर काजळी बसलीय, इंजिन म्हातारं झालंय, डिझेल टाका. मुलानं ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. दोघांपैकी एकानंही सहावर चालवून बघितली नाही. मला राग आला तो त्याचा. गाडी ओढतेय हे मी सांगतेय, गाडी स्वतः सांगतेय, आणि हे दोघं मान हलवतायत. म्हातारं म्हणताना त्या गड्याची नजर इंजिनावर होती की माझ्यावर, देव जाणे.

रागात मला विचार बरा सुचतो. सहा हा उशीर असता तर जीप मेल्यासारखी चालली असती. ती तर पळत होती. म्हणजे माझे सहा सहा नव्हतेच. तक्त्यातला आकडा कॉम्प्युटरला वाटतं तो. ठिणगी खरंच कधी पडते ते इंजिनाच्या पुलीवर, दर ठिणगीला लुकलुकणारा टायमिंग लाइट मारला की, पुलीवरची खूण इंजिनावरच्या काट्यासमोर येते का त्यावरनं दिसतं. व्हिडिओवाले तक्त्याला हात लावायच्या आधी तेच तपासतात. मी ट्यूनिंगवाल्याला फोन करून विचारलं, तू तपासलं होतंस का?

"पयल्याच दिवशी की. पिवळ्या खुणंवर फिट बसवलंय."

माझ्या पुलीवर पिवळी खूण कधीच नव्हती. तिला खाच आहे, कंपनीची. जीप घेऊन तशीच त्याच्या दारात गेले, म्हटलं, लाव लाइट. त्यानं लावला. पिवळा ठिपका काट्यासमोर अगदी थांबल्यासारखा दिसला. त्यानं माझ्याकडं बघितलं, झालं समाधान, अशा तोंडानं. मी इंजिन बंद केलं, फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि पुली पुसली. ठिपका फडक्यावर आला. हळद. आणि बोटभर अंतरावर, काळ्या थराखाली, माझी खाच.

खंडेनवमीला जीप त्याच्याच गॅरेजात होती. रेडिएटर उतरवलेला, पुली समोर उघडी. गड्यानं सगळ्या यंत्रांची पूजा केली, तेलात कालवलेलं हळदकुंकू बोटानं लावलं. कुंकू काळ्यात मिसळून गेलं, हळद राहिली. दसरा झाल्यावर स्वतःच्याच बोटाचा ठिपका त्यानं खूण म्हणून धरला. म्हणून सगळी ठिणगी दहा अंश आधी पडत होती. तक्त्यात सहा, पुलीवर सोळा. त्याचा सोळा बरोबरच होता की. माझ्या सहात तोच बसला होता, आणि हा माझं इंजिन मोडीत काढायला निघाला होता.

त्यानं फडकं हातात घेऊन बघितलं. मग म्हणाला, "देवाचं म्हणून लावलं की वो मावशी."

"पूजा चांगली केलीस, लेका. पण देवानं त्याच्यावर टायमिंग बघ म्हणून सांगितलं न्हवतं."

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट मीच ढिला केला, मीच फिरवला, त्याला फक्त लाइट धरायला लावला. खाच काट्यासमोर आली. तक्त्यात सोळा परत भरले.

यात्रेच्या आधीच्या रविवारी गल्लीतल्या बायका मागं भरल्या, मुलगा शेजारी. डोंगर चढून होत आला, इंजिन गुपचूप. शेवटच्या मोठ्या वळणावर मुलगा म्हणाला, "चढली खरी. पण पेट्रोल लई खाती ही."

भर चढात मी ब्रेक लावला. म्हटलं, उतर, चालत ये. त्याला वाटलं चेष्टा. मी हँडब्रेक ओढून रस्त्याकडं बोट केलं, तेव्हा उतरला. हँडब्रेक सोडला, क्लच उचलला, आणि जीप उभ्या चढावरून सगळी माणसं घेऊन निघाली. आरशात तो रस्त्यात उभा, मान तिरकी करून ऐकत होता. ऐकायला काही नव्हतं.

वर घामाघूम होऊन आला आणि माझ्यासमोरच मिस्त्रीला फोन लावला, इंजिन नको म्हणून. मी त्याला पाणी दिलं.

निघताना बायका जीपला गुलाल लावायला लागल्या. म्हटलं, काचेला लावा, चाकांना लावा, पाहिजे तर माझ्या तोंडाला फासा. बॉनेट उघडायचं नाही.