मनालीचं माले

बदलापूरच्या शिरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या मनालीनं माले कधी पाहिलं नाही, पण तिथलं सगळं तिला तोंडपाठ. नवरा राजरत्न तीन वर्षांपासून तिथं, मालदीवच्या राजधानीत, एसी दुरुस्तीचं काम करतो. आमच्या नळाला पाणी आलं नाही की ही म्हणणार, "मालेत चोवीस तास पाणी." लाइट गेली की पुन्हा माले. "राहायला बदलापुरात, जीव मालेत," असं म्हणून मी तिला चिडवायचे.

यंदा जूनमध्ये तो तिला आणि लेकीला तिकडे नेणार होता. तसं तो मागच्या वर्षीही म्हणाला होता. तरी या शहाणीनं अंबरनाथ एमआयडीसीतली पॅकिंगची नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवला. सोमवारी द्यायचा होता.

रविवारी राजरत्नचा साहेब अफीफ जेवायला आला. मूळ मालेचाच माणूस, हार्टच्या तपासण्यांसाठी मुंबईत आला होता. तिथं एवढं सगळं असून हा उपचाराला आपल्याकडे येतो, याचंच मला नवल वाटलं. भिंतीची ओल दिसू नये म्हणून मनालीनं तिथं कॅलेंडर लावलं होतं. मी वाढायला मदतीला होते.

जेवल्यावर अफीफ दोन्ही खोल्या बघून आला. इथं किती जण राहता, असं त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

"मैं और बेटी," मनाली म्हणाली.

"सिर्फ दो?" त्याला हसू आलं. एवढ्या जागेत त्याच्या घरची नऊ माणसं राहतात म्हणे. पाणी, वीज सगळं आहे, पण बेटावर जागाच नाही. राजरत्नच्या खोलीत तर चौदा जण, बेडवरसुद्धा पाळीपाळीनं झोपतात. "उसने बताया नहीं?"

"बताया ना," मनाली म्हणाली आणि त्याच्या वाटीत खीर वाढली. मला तिचा अभिमान वाटला आणि राजरत्नचा भयंकर राग आला.

अफीफ गेल्यावर तिनं माझ्यासमोरच राजरत्नला फोन लावला, स्पीकरवर.

"साहेब येऊन गेले. चौदा जण?"

तो म्हणाला, "सांगणार होतो."

"कधी? मी नोकरी सोडल्यावर?"

"तू मालेचं बोलताना खूश असायचीस गं."

मनालीनं डोळे पुसले. आवाज मात्र हलला नाही.

"तिथं तुझा बेड आठ तासांचा. इथला तीन वर्षं रिकामा आहे. घरी ये."