खंडेनवमीची छिन्नी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका झालं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भांडुपच्या एका वर्कशॉपात मी फिटर होतो. शेजारच्या बाकावर दत्ताराम, मालवणकडचा. माझा दोस्त — म्हणजे मी तरी तसं म्हणायचो.

हातोडा खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं पसरतं, कडा फाटतात. ते वेळच्या वेळी घासून काढायचं, नाहीतर ठोका बसताच कपचा उडतो. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. माझी छिन्नी महिनाभर तशीच होती. का? आळस — दुसरं काय!

खंडेनवमीला हत्यारं धुऊन पूजेला मांडली. फोरमनच्या नजरेला पडू नये म्हणून त्या फाटक्या डोक्यावर मी हळदकुंकू जरा जास्तच थापलं, वर झेंडू ठेवला. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही, तेव्हा आजचं तर निभावलं, असं वाटलं.

दुपारी पंप अडला. नट गंजून बसलेला. कुणी पुढे होईना. दत्ताराम हसला, "देव काय माका खातलो?" — आणि पूजेतली हाताला लागली ती छिन्नी त्याने उचलली. माझी. मी पाहिलं. एक हाक मारायची होती फक्त. पण फोरमन बाजूलाच उभा होता ना!

कपचा त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. डोळा गेला.

पूजेचं हत्यार उचललं, भोगलं — सगळे हेच म्हणाले. फोरमनसुद्धा. छिन्नी कुणी बघितलीच नाही. संध्याकाळी मी ती घासून गुळगुळीत केली. हो, त्याच दिवशी. तेव्हा बरा आळस आला नाही!

दत्तारामला तर ते पुरतं पटलं. पुढे जन्मभर तो नवमीला कडक उपास करायचा. त्याच समजुतीत गेला.

हॉस्पिटलात त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, "भावजी, देवाचोच कोप ना ह्यो?"

"होय वहिनी," मी म्हटलं.

खाटेवरून दत्तारामने माझा हात चाचपला. तुझी पूजेची छिन्नी मी बाटवली, माफ कर, म्हणाला.

मी त्याला माफ केलं.