पूजेत मांडलेला चाकू

कलम बांधायच्या चाकूला अंगठा टेकवायला खाच हवी, हे मला बेळगुंदीच्या काजूबागांत हिंडताना सुचलं. आमच्या छोट्या कारखान्यात तसा पहिला चाकू झाला तेव्हा खंडेनवमी तोंडावर होती. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो हत्यारांच्या पूजेत मधोमध मांडला. प्रसादाला आलेल्यांनी फोटो काढून फेसबुकवर टाकले.

पुढं खडेबाजारात हुबेहूब तसाच चाकू परदेशातून आला. खाच माझी, शिक्काही आमचाच, पातं मात्र पत्र्यासारखं वाकणारं. वाकलेले चाकू घेऊन लोक मलाच शिव्या द्यायला यायचे, आणि मी तरी कुणाकुणाला समजावणार?

पुण्याच्या वकीलबाईंकडं गेलो. चाकू माझाच याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी पूजेचा फोटो पुढं केला.

"तिकडं, नकली चाकू बनतो त्या देशात, पेटंट मागायचं तर अर्जाआधी वस्तू जगानं बघितलेली चालत नाही," त्या म्हणाल्या. "याच फोटोमुळं तुम्हाला ते मिळणार नाही."

आता दुसऱ्या घडणीचा चाकू केलाय. अर्ज जाईपर्यंत तो कपाटात, कुलपात. यंदा खंडेनवमीला आप्पांनी विचारलं, "नवा कुठाय रं? पूजेला न्हाय ठेवलास तर हाताला यश कसं येणार?"

दारात पाहुणे मोबाईल घेऊन उभे होते. मी परत आलेल्यांतला एक नकली चाकू मधोमध मांडला. आप्पांनी त्याचं पातं बोटानं वाकवून बघितलं, आणि त्यालाच फूल वाहिलं.