न सुरू झालेली गाडी

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि त्यांपैकी बहुतेकांवर मनातल्या मनात ‘अमान्य’ असा शेरा मारत आलो आहे. हा नोकरीचा परिणाम असावा. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात, वाहनांच्या विभागात, मी चौतीस वर्षे तपासनीस होतो. गाडी बाहेर पडण्यापूर्वी तिच्यातला दोष शोधणे आणि दोषाचे कारण लिहिणे, एवढेच माझे काम. कारण नसलेला दोष मी पाहिलेला नाही.

घरातही या गोष्टींना थारा नव्हता. वडील भंडाऱ्याहून नोकरीसाठी इकडे आले. त्यांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून अंगारा, गंडा, श्राद्ध हे सारे आमच्या उंबऱ्याबाहेर राहिले. मीही त्याच शिस्तीत वाढलो. तरी पुढचा मजकूर लिहितो आहे, कारण त्यात एक चूक माझी आहे आणि तिची कुठे तरी नोंद व्हावी असे मला वाटते.

माझी पत्नी शांता. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, दुपारी, तिला डायलिसिससाठी न्यावे लागे. आमची गाडी अकरा वर्षे जुनी, हाताने गिअर बदलण्याची. ती घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी असते. भिंतीलगत कडुनिंब आहे, पण त्याची सावली फक्त बॉनेटपर्यंत पोहोचते. मे महिन्यात गाडीचे दार उघडले की आत बसवत नसे. मी एसी लावून आतली हवा निवेपर्यंत शांता बाहेर, दाराला धरून, उभी राहत असे.

मुलगा मिलिंद पुण्याला असतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने हे पाहिले.

“बाबा, रिमोट स्टार्टर लावून घ्या ना. घर में बैठे-बैठे बटन दाबा, गाडी चालू, एसी चालू. दहा मिनिटांनी आईला न्या.”

“गाडी सुरू करायला मी अजून जिवंत आहे.”

“वो पता है. पण तोवर आई उन्हात उभी राहून राहिली ना.”

दुसऱ्याच दिवशी मी चौकशीला बाहेर पडलो.

ओमती भागातल्या एका गल्लीत गाड्यांना असे जोडसामान बसवणारा नईम म्हणून एक कारागीर आहे. त्याने अर्ध्या दिवसात काम केले. आमची गाडी मुळात क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नसे. रिमोटने सुरू करताना गाडीत कोणी नसणार, म्हणून नईमने क्लचच्या स्विचच्या तारा परस्पर जोडून टाकल्या. नंतर रिमोट माझ्या हाती देत तो म्हणाला,

“चाचाजी, एक बात याद रखना. गाड़ी हमेशा न्यूट्रल में छोड़ना. गियर में रही और आपने बटन दबाया, तो सीधी आगे कूदेगी. सामने दीवार तो दीवार, आदमी तो आदमी.”

“इसको गियर का पता नहीं चलता?”

“महँगे वाले को चलता है. इसको नहीं.”

मी माहितीपत्रक मागितले. ते डब्यातच नव्हते, असे तो म्हणाला. ज्या यंत्राचे माहितीपत्रक नाही, ते मी कारखान्यात फाटकाच्या आत येऊ दिले नसते. येथे येऊ दिले.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गाडी उभी करायची ती पहिल्या गिअरमध्ये टाकून, ही आमच्या विभागाची शिस्त होती. हँडब्रेकची तार ढिली पडते, गिअर सुटत नाही, असे आम्ही नव्या माणसांना शिकवत असू. चौतीस वर्षांत ती शिस्त डोक्यातून हातात उतरली होती. आता तीच धोक्याची झाली. शांताने हे माझ्याआधी ओळखले. गाडी थांबली की ती जागेवरूनच विचारी,

“गिअर काढला काय?”

“काढला.”

“हात लावून पहा.”

“शांता, मी चौतीस वर्षे...”

“म्हणूनच म्हणून राहिली. तुमच्या हाताले सवय हाय.”

मी हात लावून पाहत असे. दोनदा खरोखरच गिअर पडलेला निघाला. मी तो काढला, मगच ती उतरली.

तिची आणखी एक सवय होती. मी गाडी चालवत असताना समोर काही आले, तर ती शेजारी बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर घट्ट रोवी, जणू तेथे ब्रेक आहे. लग्नानंतर पहिली जीप चालवली तेव्हापासूनचे हे. “तुझ्या बाजूला ब्रेक नाही,” असे मी तिला किती वेळा सांगितले, त्याची मोजदाद नाही. “मंग तुमच्या बाजूचा वेळेवर दाबत जा न,” हे तिचे ठरलेले उत्तर. तिच्या बाजूच्या रबरी मॅटवर टाचेच्या जागी खळगा पडला होता.

यंत्र बसवल्यानंतर तिने एक पूर्ण उन्हाळा त्या थंड गाडीतून प्रवास केला. पुढच्या मे महिन्यात ती गेली. मी रिमोट खिळ्याला टांगला आणि त्यानंतर तो वापरला नाही.

घटना तिच्या पहिल्या स्मृतिदिनाची आहे. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आणि त्यानंतर जमलेल्यांना भोजनदान ठरले होते. शांताची धाकटी बहीण विमल त्यासाठी नागपूरहून आली होती. आदल्या दिवशी सायंकाळी मी विहारात तांदूळ आणि तेल पोहोचवून परत आलो, गाडी नेहमीच्या जागी उभी केली आणि घरात आलो. विचारणारे कोणी नव्हते. हात लावून पाहिल्याचे मला स्मरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आम्ही निघण्याच्या तयारीत होतो.

“भाऊजी, त्या तापल्या गाडीत मले बसवत नाही हो,” विमल म्हणाली. “ताईसाठी थंडी करून ठेवत होते न? आज साळीसाठी बी करा.”

मी रिमोट खिळ्यावरून काढला. पुढच्या खोलीच्या खिडकीतून गाडीची फक्त मागची बाजू दिसते. बटन दाबले की गाडीचे इंडिकेटर एकदा लुकलुकतात आणि इंजिन सुरू होते. त्या दिवशी ते तीनदा लुकलुकले. इंजिन सुरू झाले नाही. मी पुन्हा दाबले. पुन्हा तीनदा. असे चार वेळा झाले.

“रुसली वाटते तुमची गाडी,” विमल म्हणाली. मग खिडकीशी येऊन तिने विचारले, “मागचे लाल दिवे काहून लागून राहिले?”

“ऊन पडले आहे त्यावर,” मी म्हणालो.

मी चावी घेऊन बाहेर गेलो. गाडीच्या पुढे, बंपर आणि भिंत यांच्यामधल्या दीड हात जागेत, कलाबाई बसली होती.

कलाबाई जवळच्या पनागर गावाहून भाजी घेऊन येते. वीस वर्षे आमच्या घरी तिचीच भाजी. ती रोज सकाळी आठला येऊन जाते, पुढच्या फाटकाने. त्या दिवशी ती पुन्हा आली होती, बाजूच्या लहान फाटकाने, आणि भिंतीच्या नळावर दोडक्यांची टोपली धूत होती. तिची पाठ बंपरला जवळजवळ टेकलेली होती. नळ चालू असल्याने माझी चाहूल तिला लागली नाही.

मी गाडीचे कुलूप उघडले. आत डोकावलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.

“कलाबाई, उठो.”

“तनक रुको बाबूजी, जे धो लें. अम्मा के नाम के हैं, पैसा नईं लेंगे.”

“पहले उठो. इधर आओ.”

माझ्या आवाजात काही वेगळे असावे. ती टोपली तेथेच टाकून बाजूला आली.

“का हो गओ बाबूजी?”

“कुछ नहीं हुआ.”

ते खरेच होते.

मी गिअर काढला, हात लावून पाहिला, दार लावले, दोघींना ओट्यावर उभे केले आणि बटन दाबले. दिवे एकदा लुकलुकले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले.

विहारात मी वंदनेला बसलो. भिक्खूंनी काय सांगितले, ते मला आठवत नाही. दोडक्याची भाजी झाली होती, एवढे आठवते.

दुसऱ्या दिवशी मी नईमकडे गेलो. गिअरविषयी काही सांगितले नाही. तीनदा दिवे लुकलुकतात म्हणजे काय, एवढेच विचारले.

“तीन बार? मतलब ब्रेक दबा हुआ था, चाचाजी. ब्रेक पे किसी का पैर हो, तो ये स्टार्ट नहीं लेता. चोरी से बचाने के लिए है.”

“गाड़ी बंद थी. अंदर कोई नहीं था.”

“तो स्विच अटका होगा.”

त्याने ब्रेकच्या पॅडलखालचा स्विच माझ्यासमोर तपासला. तो ठीक होता. माझे समाधान झाले नाही. पुढचे दहा दिवस मी गाडी त्याच जागी, त्याच उन्हात, न्यूट्रलमध्ये उभी केली आणि रोज साडेअकराला बटन दाबले. रोज पहिल्या झटक्यात सुरू झाली. मीटर लावून स्विचच्या तारा हलवून पाहिल्या, पॅडल दाबून, सोडून, अर्धवट दाबून पाहिले. पॅडल दाबलेले असले की तीनदा दिवे, नसले की एकदा. चालकाच्या बाजूची मॅट काढून पाहिली, ती पॅडलपर्यंत पोहोचत नाही. रिमोटचा सेल उतरला असता, तर दिवे लुकलुकलेच नसते. गिअरमुळे यंत्र अडले म्हणावे, तर त्याला गिअर कळत नाही, असे नईमने पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्याची खात्री करून घ्यायला हवी होती. एके सकाळी मी दोन्ही फाटके बंद केली, भिंतीशी जुनी टायरे रचली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि दुरून बटन दाबले. दिवे एकदा लुकलुकले. गाडी टायरांवर आदळली. बंपरला चीर गेली, नळ वाकला.

त्या दिवशी मी नईमकडून ते यंत्र काढून घेतले. क्लचची तार पूर्ववत जोडून घेतली. स्विच जुनाच आहे, बदललेला नाही आणि त्यानंतर कधी अडकलेलाही नाही.

विमलने पाहिलेले लाल दिवे मी पुराव्यात धरत नाही. मागच्या दिव्यांच्या काचेवर ऊन पडले की दिवा लागला आहे की नाही, हे सांगता येत नाही. मात्र ब्रेक दाबलेला असता, तर तेच दिवे लागले असते, हेही येथे लिहिले पाहिजे.

कलाबाईला मी काही सांगितलेले नाही. नळ दुरुस्त करताना तो तेथून काढून ओट्याजवळ बसवून घेतला. ती आता तेथे बसते. नळ का हलवला, असे तिने विचारले नाही.

विमलला मात्र महिन्याभराने फोनवर सर्व सांगितले. तिला सांगणे मला योग्य वाटले, कारण बटन दाबताना ती माझ्याशेजारी उभी होती. ऐकून ती म्हणाली,

“ताईच होती, भाऊजी. दुसरं कोन?”

“विमल, तिच्या बाजूला ब्रेक नव्हता.”



“बरं,” ती म्हणाली. “मंग दाबला कोनं?”

या नोंदीत ‘कारण’ या शब्दापुढची जागा मी कोरी सोडली आहे.